कोवाल्स्कीबाईची पाठ

बेकरीत ग्युल्टेनने स्टुलावर चढून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फेब्रुवारी उलटला आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. खसखशीचे पाव फरशीवर गडगडत गेले, एक काउंटरखाली, एक कुणाच्या तरी कुत्र्यापाशी. "अगं आन्केताई, सकाळी सकाळी चढवलीस की काय?" ग्युल्टेन स्टुलावरूनच हसली. रांगेतले दोघंतिघंही हसले. मला हसता आलं नाही. मला ऐकूही नीट येईना; कॉफीच्या मशीनचा फुसफुसाट, मागच्या बाईचं खोकणं, सगळं बंद दाराआडून यावं तसं. भिंतीवर मार्च लागला होता, आणि मार्चच्या तारखांवर कोवाल्स्कीबाई बसली होती. बीच झाडाच्या ओल्या पानांवर, मान किंचित उचलून, डोळ्यात फ्लॅशचा बारीक ठिपका. मानेपासून शेपटीपर्यंत दोन पिवळे पट्टे, डावा पट्टा खांद्यापाशी तुटलेला, आणि तिथे शालीचं टोक पुढे ओढून घ्यावं तसा एक वाकडा डाग. मी हा डाग झोपेतही ओळखीन. सॅलॅमँडरच्या पाठीवरचा पिवळा रंग जन्मभर त्याचा स्वतःचा असतो, एकासारखा दुसरा नसतो, आणि हा वीतभर लांबीचा, पालीच्या घडणीचा काळाकुळकुळीत जीव ज्या ओढ्याकाठी मोठा होतो तिथून फारसा हलत नाही. म्हणजे पाठ ओळखली की जागा ओळखली. ही जागा डॉर्नसीपेनची होती. डॉर्नसीपेनचं खोरं तीन वर्षांपासून बंद आहे. तिथे कुणीही पाय ठेवायचा नाही, मीसुद्धा नाही, आणि मी ठेवलेला नाही.

पण मला धक्का बसला तो त्याचाही नाही. तिच्या उजव्या कुशीवर, पट्ट्याच्या कडेकडेने, लहान लहान गोल खड्डे होते. काळ्या कडांचे. दुसऱ्या कुणाला ते पाण्याचे थेंब वाटले असते, आणि रांगेतल्या सगळ्यांना तसंच वाटत असणार, कारण मागची बाई म्हणाली, "काय चकाकतोय बघा ना, गोड आहे हो." मी दात बनवते. वीस वर्षांहून जास्त काळ एका प्रयोगशाळेत बसून लोकांचे खोटे दात खऱ्यांच्या रांगेत बेमालूम बसवते. चकाकी कुठली आणि खड्डा कुठला, हे मला कुणी सांगायला नको. हे खड्डे मी शेजारच्या खोऱ्यातल्या मेलेल्या जनावरांवर पाहिलेत. कातडी खाणाऱ्या बुरशीचे खड्डे ते. आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, छायाचित्र : एवाल्ड टेरहोर्स्ट. एवाल्ड टेरहोर्स्ट म्हणजे माझे पप्पा.

मी काउंटरच्या आत घुसले आणि ते पान फाडलं. ग्युल्टेन ओरडली, "अगं बाई, महिना आत्ता कुठे सुरू झालाय! मी एप्रिल बघत बसू का आता?" मी म्हटलं, "बस बघत." असं मी तिच्याशी कधी बोलत नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. मी दाराबाहेर पडले, परत आत गेले, "रागावू नकोस गं, नंतर सांगते," म्हटलं, परत बाहेर पडले आणि ट्रामच्या थांब्यावर येऊन उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाव तिथेच राहिलेत, आणि माझ्या तोंडात मात्र खसखस आहे. कधी खाल्ली कोण जाणे. ट्राम आली. मी खिडकीशी बसले. पान मांडीवर, पालथं. ते उलटं करून परत बघायची माझी हिंमत होईना. बाहेर एसेन शहराची नेहमीची शनिवार सकाळ चालली होती, माणसं गाड्या धूत होती, एक म्हातारी कुंडीत काहीतरी लावत होती, आणि मला त्या सगळ्यांचा विलक्षण राग आला. अरे, इतकं काय शांतपणे चाललंय तुमचं?

पप्पांनी मला पहिला सॅलॅमँडर दाखवला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. पप्पा खाणीत होते. आठवडाभर जमिनीच्या पोटात, आणि रविवारी त्यांना डोंगरावर जायचं असायचं, ओढ्याच्या उगमाकडे, जिथे पाणी इतकं बारीक असतं की आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. रात्री पाऊस पडून गेलेला असला तर ते मला उजाडायच्या आत उठवायचे. आईला हे वेड पटायचं नाही. "बाप मुलीला चिखलात घेऊन चाललाय, बघा," असं ती जिन्यातून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची आणि मागून सँडविचचा डबा हातात कोंबायची. जंगलात गेलं की पप्पा बोलणं बंद करायचे. कुजलेला ओंडका उचलायचा तर दोन्ही हातांनी, आपल्याकडे, म्हणजे खाली जो असेल त्याला पळायला पलीकडे वाट राहते. आणि ठेवायचा तर होता तसाच, त्याच खळीत, शेवाळाची बाजू वर. दगड तिरका ठेवला तर मला धपाटा मिळायचा. "कुणाच्या घराचं छप्पर आहे ते, पोरी. तुझ्या घराचं असं वाकडं ठेवलं तर?" सापडला की फोटो दोन काढायचे. आधी बरोबर वरून, पाठीचा, अगदी साधा, तो ओळखीसाठी. मग त्यांचा स्वतःचा. त्यासाठी ते खाणीतल्या चामडी गाद्या गुडघ्यांना बांधून ओढ्याकाठी बसायचे, मग कोपरांवर, मग सपाट पोटावर, फ्लॅशवर बटर पेपर लावलेला, म्हणजे ओल्या कातडीवर उजेडाचे चट्टे पडत नाहीत. मी श्वास रोखून बघत राहायचे. एवढा दांडगा माणूस आणि एवढ्याशा जिवासमोर असा पालथा पडलेला. माझा बाप मला तेव्हा जगातला सर्वांत चांगला माणूस वाटायचा. खरं सांगायचं तर आजपर्यंत वाटत होता.

नावं आम्ही कॉलनीतल्या लोकांची द्यायचो. पाठीवर बटणांसारखे ठिपके असलेला तो पोस्टमन. शेपटी तुटकी तो पाद्री. आणि खांद्यावर शाल घेतलेली ती कोवाल्स्कीबाई, कारण आमच्या खालच्या मजल्यावरच्या खऱ्या कोवाल्स्कीबाई उन्हाळ्यातही शाल घेऊन जिन्यात उभ्या असायच्या. खऱ्या बाई कधीच्या वारल्या. ही मात्र दर वर्षी मार्चमध्ये ओढ्याच्या डोहात पिल्लं सोडायला उतरायची, पोट जड, चाल सावकाश, आणि पप्पा टोपी काढून म्हणायचे, "काय बाई, यंदाही आलात का?" मी लग्न केलं, मोडलं, प्रयोगशाळा बदलली, आई गेली, कोवाल्स्कीबाई आपली तिथेच. आमच्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नसलं तरी डॉर्नसीपेनबद्दल बोलता यायचं. बाप-लेकीचं नातं एका ओढ्यावर तगून राहिलं होतं म्हटलं तरी चालेल.

मग त्या बुरशीची साथ आली. आधी कुठून तरी परदेशातून, मग शेजारच्या जिल्ह्यातून, मग डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून. बुटाच्या तळव्याला चिकटलेला चिमूटभर चिखल पुरतो तिला. सॅलॅमँडर बघणाऱ्या आमच्या मंडळाने डॉर्नसीपेन बंद केलं तेव्हा पुढाकार पप्पांचा होता. साखळी त्यांनी बांधली, पाटी त्यांनी रंगवली, खाली मंडळाचा अध्यक्ष म्हणून सही त्यांची. पलीकडच्या खोऱ्यात मेलेली जनावरं गोळा करायला ते स्वतः जायचे आणि घरी आल्यावर गच्चीवर बूट जंतुनाशकात बुडवून ठेवायचे. आणि लोडेमान! शाळेत जीवशास्त्र शिकवणारा तो बिचारा सज्जन माणूस एकदा साखळी ओलांडून आत गेला, वीस पावलंसुद्धा गेला नसेल, आणि फोटो घेऊन आला. पप्पांनी त्याला हॉटेलच्या मागच्या खोलीत, सगळ्या मंडळासमोर उभा केला. "तुमचा फोटो मोठा की त्यांचा जीव मोठा, लोडेमान? बोला ना, मुलांना काय शिकवता?" लोडेमानचे कान लाल झाले होते. त्याने बिअरचा ग्लास तसाच ठेवला आणि कोट उचलून निघून गेला. मी टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यांनीच वाजवल्या होत्या.

ट्राम कालव्यावरच्या पुलावर आली तेव्हा मी पप्पांसाठी सबबी शोधायला लागले. फोटो जुना असेल. मग खड्डे कसे? फोटो दुसऱ्याच कुणी काढला असेल, छापताना नाव चुकलं असेल. पण बटर पेपरचा तो मऊ उजेड, डोळ्यातला तो एकच ठिपका, जमिनीला गाल लावल्याशिवाय न मिळणारी ती उंची. अशी सही दुसऱ्याची नसते. बरं, गेले असतील. गेले एकदा. पण खड्डे त्यांना दिसलेच नसतील, ब्याऐंशीचे आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. हे मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा मी ते घट्ट धरून ठेवलं. त्यांना दिसलंच नाही, आणि आता ते मला त्यांना सांगायचंय, आणि ते ऐकून हा माणूस कोसळणार आहे. कसं सांगू? आधी बसवू का त्यांना? का सांगूच नको? निनावी कळवून टाकते, कुणीतरी फिरायला गेलेलं, त्याला दिसलं. आणि त्यातच कुठेतरी हा विचारही चालू होता की मार्च लागला, ओल्या रात्री सुरू झाल्या, सगळ्या माद्या आता डोहाकडे उतरणार, एकाच वाटेने, एकीला एक घासून.

पप्पांनी दार उघडलं. पट्ट्याची पँट, जुना स्वेटर, हनुवटीवर बीटाच्या पाकाचा थेंब. राय या धान्याच्या पावावर काळा पाक लावून खाणं हा त्यांचा जन्माचा नाश्ता. "अरे वा, न कळवता?" ते म्हणाले. मी आत जाऊन पान स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, सुलटं. भिंग आणून द्यावं म्हणून खण उघडला. "राहू दे," ते माझ्या पाठीमागून म्हणाले. "भिंग नको. मला माहितेय काय आहे ते." मी वळले. ते पानाकडे बघतच नव्हते. खुर्चीत बसले, पावाचा तुकडा उचलला, परत ठेवला.

"डिसेंबरपासून वाट बघतोय तुझी," ते म्हणाले.

मला काही समजलं नाही. शब्द कळले, पण त्यांचं काय करायचं ते कळेना. पप्पा सावकाश बोलत होते, हवामान सांगावं तसं. ऑक्टोबरात दोनदा गेले होते, पहिल्या खेपेला ती समोर होती पण फोटो साधला नाही, म्हणून तीन आठवड्यांनी परत. बूट दर वेळी दोनदा धुतले होते, कॅमेऱ्याचं तिकाटणं धुतलं, पिशवीसुद्धा पुसली. दुसऱ्या खेपेला ती बसलेलीच होती, वाटेवर, त्यांची वाट बघत असल्यासारखी. फोटो काढताना काही दिसलं नाही. घरी येऊन पडद्यावर मोठं केलं तेव्हा दिसलं. "मी रात्रभर त्या खुर्चीत बसून होतो," ते म्हणाले. सकाळी कळवणार होते. सकाळी फोन हातात घेतला आणि लोडेमानचा चेहरा आठवला. दुपारी कळवू म्हटलं. मग कॅलेंडरसाठी मंडळाने फोटो मागितले, आणि त्यांनी हा दिला. "मला वाटलं, तू पहिल्याच दिवशी बघशील. लहानपणापासून बघत आलीस. कॅलेंडर आलं की टेबलावर पसरून एकेक पाठ ओळखायचीस, हा पोस्टमन, हा पाद्री. डिसेंबरात तुझ्या हातात दिलं ना मी? म्हटलं, संध्याकाळपर्यंत फोन येईल. मग मला काही सांगावं लागणार नाही."

मी टेबलाला धरलं. डिसेंबरात त्यांनी मला कॅलेंडर दिलं होतं, गुंडाळी, लाल दोरा बांधलेली. ती प्रयोगशाळेत कपाटामागे उभी आहे. दोरासुद्धा सुटलेला नाही. आणि दर रविवारी फोनवर पप्पा विचारायचे, कॅलेंडर लावलंस का, आणि मी दर रविवारी टीव्ही बघत बघत म्हणायचे, हो, लावलं ना, छान आहे. बारीकसारीक खोटं, आईबापांशी बोलतो तसलं. त्यांना वाटलं, पोरीने पाहिलं आणि काही बोलली नाही. त्यांना वाटलं असेल, पोरगी आपल्याला वाचवतेय!

"म्हणजे माझ्यावर ढकलताय का आता?" मी किंचाळले. "मी बघितलं नाही म्हणून? तुम्हाला तोंड नव्हतं? सगळा हिवाळा, पप्पा! सगळा हिवाळा ते एका बिळात एकमेकांना चिकटून झोपतात. कुणी शिकवलं मला हे?"

"मी," ते म्हणाले.

"मग?"

"तोंड उघडायचो गं. उघडलं की हवामानाचंच निघायचं."

"लोडेमानला काय म्हणाला होतात? आठवतंय?"

"रोज आठवतं."

"मुळात गेलातच कशाला?"

त्यांनी खांदे उडवले. एवढा मोठा माणूस, आणि खांदे असे उडवले जसे काच फोडलेला मुलगा उडवतो. "तुला तीन वर्षं म्हणजे काही नाही," ते म्हणाले. "मला परत उघडेपर्यंत जगायची खात्री नव्हती. एकदा बघावं वाटलं." मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही संताप आला. मी गच्चीचं दार उघडून बाहेर हवेला गेले. बूट तिथे ओळीने होते, स्वच्छ, पांढरट डाग पडलेले, इतक्या वेळा औषधात बुडवलेले. तिकाटण्याचे पाय प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. बाजूच्या खिळ्यावर गुडघ्यांच्या चामडी गाद्या लटकत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. शिवणीत चिखल होता. वाळलेला, तपकिरी, बोटाने उकरला तर निघेल असा. "ह्या?" मी विचारलं. आवाज माझाच होता का, शंका आली. "पप्पा, ह्या धुतल्यात?" ते दारात येऊन उभे राहिले. "चामडं आहे," ते म्हणाले. "औषधाने कडक होतं, तडकतं." आणि मग त्यांच्याच चेहऱ्यावरचा रंग उडत गेला. हे त्यांच्याही डोक्यात आलेलं नव्हतं. पलीकडच्या खोऱ्यात मेलेल्यांच्या शेजारी ज्या गाद्यांवर ते टेकले होते, त्याच गाद्यांवर पहिल्या खेपेला कोवाल्स्कीबाईसमोर टेकले होते. इतके दिवस त्यांना वाटत होतं, रोग आधीच आत आला असेल, हरणाच्या खुरातून, रानडुकराच्या पायातून. आपण फक्त बघितलं आणि गप्प बसलो, एवढाच आपला गुन्हा. ते गच्चीच्या उंबरठ्यावर मटकन खाली बसले. मी त्यांना उठवलं नाही.

शेवटी मी म्हटलं, "मी नाव न सांगता कळवते. कुणीतरी फिरायला गेलेलं म्हणून." मी हे का म्हटलं? कदाचित त्यांनी मला गप्प बस असं म्हणावं म्हणून. पप्पांनी मान वर केली आणि विचारलं, "चालेल का तसं?" डोळ्यांत आशा होती. सबंध सकाळीत मला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटली ते हेच. त्या तीन शब्दांत माझा बाप संपत चालला होता, आणि ते माझ्या होकारावर होतं.

"नाही चालणार," मी म्हटलं. "कधी गेलात, कुठे टेकलात, तिच्याबरोबर आणखी कोण दिसलं, हे सगळं त्यांना लागणार. तुमच्याशिवाय कोण सांगणार?" मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. डॉक्टर वीब्के आल्फर्स म्हणून तरुण बाई आहेत, आमच्या जिल्ह्यात या साथीचं काम बघतात, मंडळात सगळ्यांना माहीत आहेत. पप्पा उठून उभे राहिले. खाणीत वरिष्ठांशी बोलताना उभे राहत असतील तसे, सरळ. "टेरहोर्स्ट बोलतोय. डॉर्नसीपेनमध्ये साथ आहे. मी आत गेलो होतो. ऑक्टोबरात. हो, मीच." मग आल्फर्सबाईंचा आवाज आला, इतका हळू की मला फोनला कान लावावा लागला. "ऑक्टोबरात, टेरहोर्स्टसाहेब? तेव्हा कळवलं असतं तर उचलून उबेत ठेवले असते हो. दहा दिवसांच्या उबेत बुरशी मरते." पप्पा म्हणाले, "मला माहितेय." त्यांनी फोन ठेवला आणि संडासात जाऊन दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी आल्फर्सबाईंनी आम्हाला साखळीपाशी बोलावलं. आत जायचं नाही, फक्त ओळख पटवायची. त्या पाठी ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. रिमझिम चालली होती, हवा कोमट, अगदी त्यांच्या आवडीचा दिवस. पप्पा गाडीतून उतरलेच नाहीत. खिडकीची काच निम्मी खाली करून, टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले. वर झाडीत आल्फर्सबाई आणि त्यांची पांढरे झगे घातलेली माणसं ओंडके उचलत होती, आणि मी दुरून बघत होते, ते आपल्याकडे उचलतात का आणि परत नीट ठेवतात का. ठेवत होते. दर वेळी हातमोजे बदलत होते. मेलेल्यांचा पहिला ट्रे घेऊन जो माणूस खाली आला त्याने तोंडावरची पट्टी काढली. आल्फर्सबाईंच्या मदतीला आलेला लोडेमान होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, मग गाडीकडे बघितलं. आता बोलेल, मला वाटलं. आता सगळं परत करेल. तो म्हणाला, "टेरहोर्स्ट, उजेड कमी आहे, तुम्हाला दिसेल का तिथून?" पप्पा म्हणाले, "दिसेल." बस्स, एवढंच.

मी ट्रे बंद झाकणासकट काचेपाशी धरत गेले. माझ्या तोंडातून आधी नाव निघायचं आणि मग पप्पांच्या. पोस्टमन. पाद्री, त्याची शेपटी अजून तुटकीच. कोवाल्स्कीबाई. तिचं पोट जड होतं. पिल्लं आतच राहिली होती. पप्पांनी तिचं नाव घेतलं नाही, नुसती टोपी मांडीवरून उचलून दोन्ही हातांत धरली. मग लोडेमानने आणखी एक डबी आणली, लहान, बोटभर जीव, थंडगार, पाय पसरलेले. "हा दगडाखाली वेगळा होता. मेलाय. हा कोण?" मी बघितलं. डोक्यामागे पिवळं कडं, पाठीवर ओळीने पाच ठिपके, शेवटचा पसरट. मी डोकं खाजवलं. मला हा आठवेना, आणि मला सगळे आठवतात. मी डबी काचेशी नेली. पप्पांनी बराच वेळ बघितलं, इकडून, तिकडून. "हा माहीत नाही," ते म्हणाले. "हा नवा आहे." त्यांचा आवाज तिथे फुटला. म्हणजे या तीन वर्षांत, आम्ही कुणी तिकडे फिरकलो नाही त्या काळात, तिथे नवी पिल्लं मोठी होत होती. साखळीचा उपयोग होत होता. आमच्या खोऱ्याचं चाललं होतं छान, आमच्याशिवाय.

"याचा पाठीचा फोटो घे," पप्पा म्हणाले. "निदान नोंद तरी राहू दे. आन्के, घे."

मला घ्यायचा नव्हता. तरी मी आल्फर्सबाईंच्या एका माणसाकडून कॅमेरा मागून घेतला, डबीचं झाकण त्याने काढलं, मी वरून कॅमेऱ्याचं भिंग धरलं. पाठीवर फोकस केला, घेतला. मग सवयीने, केवळ सवयीने, खाली वाकून बाजूने धरलं. हनुवटीखालची कातडी भिंगात मोठी झाली, ओली, राखाडी. आणि ती हलली.

"हलतंय," मी म्हटलं.

"तुझा हात हलतोय," पप्पा गाडीतून म्हणाले.

"माझा हात हलत नाही, पप्पा." मी कॅमेरा गाडीच्या बॉनेटवर टेकवला, डबी पुढे घेतली, श्वास रोखला. गळा खाली गेला. मग काही नाही. इतका वेळ काही नाही की मला वाटलं, खरंच आपलं चुकलं. मग परत वर आला. मी ओरडले. आल्फर्सबाईंना हाका मारत मी त्या चिखलात अशी ओरडले की वर झाडीतली सगळी माणसं कामं टाकून उभी राहिली, लोडेमान घसरत घसरत धावत आला, आणि माझ्या मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.